बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनिअरिंगवाल्यांसाठी लिनोकट आणि मातीकाम: पहिलं सत्र कसं आखावं

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. तुमच्या कॉलेजच्या यादीत मुद्राचित्रण (ब्लॉक किंवा पाटीवरून कागदावर छाप काढणं; लिनोचा थर कोरून केलेला लिनोकट हा त्यातलाच प्रकार) किंवा सिरॅमिक्स (माती घडवून भाजणं) असेल तर बिनधास्त घ्या. नसेल तर सुट्टीत एखाद्या स्टुडिओतला प्राथमिक वर्ग लावा. ज्यांनी दहावीनंतर ब्रश हातात धरलेला नाही, अशा मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

पहिल्या तासाला एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, मला सरळ रेघसुद्धा मारता येत नाही." यामागे शाळेतल्या इलिमेंटरी-इंटरमिजिएटची भीती असते. 'सी' ग्रेड मिळाली, म्हणजे कला आपल्यासाठी नाही, असं मुलं तिथेच ठरवून टाकतात. त्या परीक्षांमध्ये ठरलेल्या वेळात, समोर ठेवलेली वस्तू पाहून चित्र काढावं लागतं. लिनोकट आणि मातीकामात कस लागतो तो वेगळ्या गोष्टीचा: कोणती पायरी आधी, कोणती नंतर आणि दोन्हींच्या मधे किती थांबायचं. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत टायट्रेशन करणाऱ्या किंवा वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब केलेल्या मुलांना ही शिस्त आधीच अंगवळणी पडलेली असते, आणि पहिल्या महिन्यात मला तेच पुढे गेलेले दिसतात.

दोन्ही विषय एकाच सत्रात मिळत असतील तर आधी माती घ्या आणि ती वाळेपर्यंत लिनो कोरा. बहुतेक वर्ग याच्या उलट चालतात. कागदाचं काम सोपं वाटतं म्हणून आधी छापकाम होतं, माती मागे राहते, आणि सबमिशनच्या दिवशी अर्ध्या वर्गाची भांडी भट्टीत असतात.

सत्राचा हिशेब उलटा मांडा

प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटला ६०. आठवड्याला ४ तास धरले तर १५ आठवडे मिळतात. आता एका साध्या कपाचा प्रवास पाहा. घडवायला एक बैठक. वाळायला दीड-दोन आठवडे, जुलै-ऑगस्टमध्ये तीनसुद्धा. पहिली भाजणी आणि भट्टी भरण्याची वाट यात एक ते दोन आठवडे, कारण अर्धी रिकामी भट्टी कुणी लावत नाही. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, द्यायला एक बैठक आणि दुसऱ्या भाजणीला पुन्हा एक-दोन आठवडे. एकूण सहा-सात आठवडे सहज जातात, आणि त्यातले तुमच्या हाताचे तास जेमतेम पाच-सहा. उरलेला वेळ माती स्वतःचं काम करत असते. लिनो त्याच वेळात बसवायचा.

मी अशी मांडणी सुचवीन. पहिले तीन आठवडे फक्त माती. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात एका रंगाचा लिनो. सातव्यात तोच लिनो ब्लॉक मातीच्या पट्टीवर दाबायचा (हे पुढे सविस्तर सांगतो). आठव्या-नवव्यात पहिल्या भांड्यांना ग्लेझ. दहाव्या ते तेराव्यात दोन रंगांचा लिनो, आणि त्याच काळात पट्टीची भाजणी व ग्लेझ. शेवटचे दोन आठवडे राखून ठेवा. काहीतरी तडकतंच.

खासगी वर्ग लावणार असाल तर पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्या: भट्टी स्टुडिओची स्वतःची आहे की भांडी दुसरीकडे नेऊन भाजतात? ती किती तापमानापर्यंत जाते? माती, ग्लेझ आणि दोन्ही भाजण्या फीमध्ये धरल्या आहेत का? एका चाकामागे किती मुलं? वर्ग संपल्यावर भाजलेलं भांडं न्यायला किती दिवस मिळतात? 'दोन दिवसांत कप घेऊन जा' अशी जाहिरात दिसली तर समजा की भाजणी तुमच्या पाठीमागे होणार, किंवा होणारच नाही.

पहिला आठवडा: माती ओळखा, मळा, बोटांनी वाटी करा

वर्गात साधारणपणे दोन प्रकारची माती असते. लाल माती, म्हणजे टेराकोटा, ९०० ते १०५० अंशांच्या आसपास भाजली जाते आणि भाजल्यावरही सच्छिद्र राहते. माठातलं पाणी थंड होतं ते त्यामुळेच. स्टोनवेअर १२०० अंशांच्या पुढे जाते आणि घट्ट होते, म्हणून चहाचे कप तिचेच करावेत. गणपतीच्या कार्यशाळेतून घरी उरलेली शाडू वर्गात आणू नका. ती न भाजायच्या मूर्तींसाठीची माती आहे. अनोळखी माती भट्टीत वितळली किंवा फुटली तर शेजारच्या दहाजणांचं काम जातं, भट्टीतली फळी खराब होते ती वेगळीच.

वर्गातली माती पिशवीतून तयार येते, पण मळावी लागतेच. मळून झाल्यावर तारेने गोळा मधोमध कापा आणि दोन्ही तोंडं पाहा. भोकं किंवा रंगाचे पट्टे दिसले तर पुन्हा मळा. जमलं तर एकदा जवळच्या कुंभारवाड्यात जाऊन ही तयारी पाहून या. पुण्यात कसब्याजवळ, मुंबईत धारावीला कुंभारवाडा आहे. कुंभार मातीत राख, लीद का घालतो हे तिथे त्यालाच विचारा. या गोष्टी भाजताना मातीच्या पोटात जळून जातात, मातीला थोडी सैल, सच्छिद्र ठेवतात आणि भांडं आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, तडकण्याचा धोका कमी करतात. पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. समोर बसून पाहिलं की कायमचं लक्षात राहतं.

पहिलं भांडं चाकावर करू नका. चाकाचं आकर्षण मला कळतं, पण माती मध्यावर आणायलाच नवशिक्याचे तीन-चार तास जातात आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा ३०० ते ४०० ग्रॅमचा गोळा डाव्या तळव्यावर घ्या. उजवा अंगठा मधोमध दाबत खाली न्या आणि तळाला सुमारे एक सेंटिमीटर माती राहील तिथे थांबा. मग अंगठा आत, बोटं बाहेर ठेवून चिमटीत दाबायचं आणि गोळा थोडा फिरवायचं. प्रत्येक फेरी तळाकडून वर आणायची. भिंत ६ ते ८ मिलिमीटर झाली की पुरे. काठाला भेगा दिसल्या तर ओलं बोट फिरवा. वाटीत पाणी ओतू नका. नवखी मुलं चिंता वाटली की पाणी लावतात, आणि माती ढेपाळते ती त्या पाण्यानेच.

वाटी झाली की तळाला सुईने नाव, तारीख आणि मातीचा प्रकार कोरा. सहा आठवड्यांनी फळीवर तीस सारख्या वाट्या असतात.

दुसरा आठवडा: पट्ट्यांचा कप, आणि त्याचा कान

जाड कापडावर माती ठेवा. दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून लाटण्याने लाटा. पट्ट्या असल्यामुळे जाडी सगळीकडे सारखी येते. लाटताना मातीचा पोळा दोन-तीनदा उलटा करा, नाहीतर ती एकाच दिशेने ताणली जाते आणि भाजताना वाकते.

आता आकडेमोड. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. स्टोनवेअरमध्ये एकूण १२ टक्के आकसणं धरून चला. तुमच्या मातीचा नेमका आकडा वर्गात विचारा किंवा स्वतः काढा: १० सेंटिमीटरची रेघ ओल्या पट्टीवर कोरायची आणि भाजल्यावर मोजायची. भाजल्यावर १० सेंटिमीटर उंचीचा कप हवा असेल तर १० भागिले ०.८८, म्हणजे जवळपास ११.४ सेंटिमीटरचा करावा लागेल. मुलं इथपर्यंत बरोबर येतात. चुकतात ती आकारमानात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आकसतात, त्यामुळे ०.८८ चा घन करायचा, आणि तो येतो ०.६८. ओल्या मातीत २०० मिलिलिटरचा केलेला कप भाजून आला की त्यात १३६ मिलिलिटर चहा मावतो. ज्यांना मोठा मग हवा असतो त्यांच्या हाती कटिंगचा कप येतो, तो या घनामुळे.

पोळ्यातून आयत कापून घ्या आणि लगेच गुंडाळू नका. वीस-तीस मिनिटं, पावसाळ्यात तासभर, तसाच राहू द्या. उचलल्यावर लोंबकळत नाही पण वाकवल्यावर तडकत नाही, अशी अवस्था आली की पुठ्ठ्याच्या नळीभोवती कागद गुंडाळून त्यावर तो बसवा. नळी नंतर लगेच काढून घ्यायची. माती आकसते, नळी आकसत नाही, म्हणून आत राहिली तर कप उभा चिरतो.

जोडाचं काम इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे. जोडायच्या दोन्ही कडांवर सुईने किंवा जुन्या टूथब्रशने आडवे-उभे ओरखडे काढा. त्याच मातीचा दह्याइतका घट्ट राडा करून दोन्हींना लावा. दाबून किंचित सरकवा, तोंडं एकमेकांत बसल्याचं हाताला कळतं. मग आतून मातीची बारीक वळकटी भरून बोटाने सारखी करा. तळ जोडतानाही हेच.

कपाचा कान मात्र त्याच दिवशी जोडू नका. कप प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी, निदान काही तासांनी, कप अशा अवस्थेत येतो की नखाने ओरखडा उठतो पण बोट रुतत नाही. कानासाठी मातीची पट्टी करून तिला वाक द्या आणि तीही तेवढीच सुकू द्या. दोन्ही सारख्या ओलाव्याचे झाले की जोडा. ओला कान सुक्या कपाला लावला तर कान जास्त आकसतो आणि जोडापाशी केसाएवढी चीर पडते. ही चीर त्या दिवशी दिसत नाही. भट्टीतून आल्यावर दिसते. कान बसला की त्यातून दोन बोटं घालून पाहा. आकसल्यावर जागा कमी होणार, म्हणून आत्ता सैल वाटायला हवी.

तिसरा आठवडा: वाळवणं

भट्टीत भांडी फुटतात याचं कारण मुलं 'हवेचे बुडबुडे' असं सांगतात. बुडबुड्यांचा दोष थोडा, पाण्याचा जास्त. वरून कोरडं दिसणारं भांडं आतून ओलं असतं. तापमान १०० अंशांच्या पुढे गेलं की त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट नसते आणि भांडं फुटतं. जाड तळाची भांडी सगळ्यात आधी जातात.

म्हणून घाई करायची नाही. पहिले तीन-चार दिवस प्लास्टिक घट्ट, मग सैल, मग उघडं. काठ आणि कान आधी वाळतात, तळ मागे राहतो. तेव्हा काठावर प्लास्टिकची पट्टी राहू द्या आणि भांडं पेलवेल इतकं सुकलं की उलटं ठेवा. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका, एका बाजूने वाळून वाकतं. वाळलं की नाही हे गालाला लावून कळतं: गार लागलं तर आत पाणी आहे.

हे चालू असताना तुम्ही लिनोकडे वळा.

लिनोकट: चित्र निवडा, काळा-पांढरा करा

मुद्राचित्रणात वुडकट, एचिंग, लिथो, स्क्रीन असे बरेच प्रकार आहेत. एचिंगला धातूची पाटी, आम्ल आणि दाबयंत्र लागतं. ते पहिल्या सत्रात नको. लिथोचा वारसा तर आपल्या शेजारी आहे: राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि घराघरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी दगडावरून, एकेका रंगाला वेगळा दगड वापरून छापल्या गेल्या. पण ते काम यंत्राशिवाय होत नाही. लिनोला मात्र चार हत्यारं, एक रोलर आणि स्टीलचा चमचा पुरतो, हॉस्टेलच्या टेबलावरही जमतो.

लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाची भुकटी वगैरे मिसळून तागाच्या कापडावर पसरलेला थर. जिथे कोराल तिथे कागद पांढरा राहतो, जिथे ठेवाल तिथे शाई लागते. मधला करडा रंग नाही. करडा हवा तर बारीक रेघांनी तयार करावा लागतो. हे समजून घ्यायला चित्तप्रसाद यांचे लिनोकट शोधून पाहा. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची चित्रं काढणारा हा चित्रकार पुढे मुंबईत राहिला. फक्त काळ्या आणि पांढऱ्यात माणसाचं हाड, कापडाची घडी, मुलाचे डोळे कसे उभे राहतात हे त्यांच्या कामात दिसतं. एक चित्र समोर ठेवा आणि कुठे किती पांढरं सोडलंय एवढंच न्याहाळा.

तुमचं पहिलं चित्र साधारण ए-फाइव्ह आकाराचं, १५ बाय २१ सेंटिमीटर ठेवा. विषय ओळखीचा घ्या: सायकल, कुकर, नारळाचं झाड, बसस्टॉप. पेन्सिलने सुरुवात करू नका. जाड काळा मार्कर घ्या, म्हणजे आपोआप मोठे आकार पडतात. हाताने काढायचं धाडस नसेल तर स्वतः काढलेला फोटो मोबाइलमध्ये पूर्ण काळा-पांढरा करून ट्रेस करा. कोरताना निर्णय तुम्हालाच घ्यावे लागतात, त्यामुळे यात कमीपणा नाही.

छाप उलटी पडते. म्हणून ट्रेसिंग पेपरवर ६ बी पेन्सिलने चित्र उतरवा, कागद पालथा घाला, मागून चमच्याने घासा. चित्र लिनोवर आपोआप उलटं येतं. अक्षरं घालणार असाल तर हा क्रम मोडू नका. देवनागरीत कोरताना अक्षराची उंची दोन सेंटिमीटरच्या खाली नको. 'क', 'ध', 'ष' यांच्या पोटातली जागा बारीक असते आणि शाईने बुजते. शिरोरेषा मात्र कामाची, ती सलग राहिल्यामुळे अक्षरं डगमगत नाहीत. ब्लॉकवरचं चित्र परमनंट मार्करने पक्कं करा आणि मग आरशात धरून एकदा वाचा.

कोरणं

लिनो कडक वाटला तर दहा मिनिटं उन्हात ठेवा. मऊ होतो, हत्यार सरकतं. व्ही आकाराचं हत्यार रेघेसाठी, यू आकाराचं मोकळी जागा काढण्यासाठी. खोली दीड मिलिमीटर पुरे. खालचं तागाचं कापड दिसू लागलं की फार खोल गेलात.

ब्लॉक धरणारा हात नेहमी हत्याराच्या मागे ठेवा. छापकामाच्या वर्गातल्या जवळपास सगळ्या जखमा याच हाताला होतात. ब्लॉक अडकवायला लाकडी ठोकळ्याची टेकण वापरा. वळणावर मनगट फिरवू नका, हत्यार स्थिर ठेवून ब्लॉक फिरवा. रेघेच्या कडेला उतार बाहेरच्या बाजूला द्या. आतून पोखरलेली रेघ दाबाखाली मोडते. आणि हत्यार धारदार असू द्या. बोथट हत्याराला जोर लागतो, आणि जोर लावला की ते सुटतं.

सगळं कोरून टाकायची घाई नको. मधेच ब्लॉकवर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, कुठवर आलात ते दिसतं. अजून काढता येतं, परत भरता येत नाही.

छाप घेणं

कागदाकडे दुर्लक्ष करू नका. झेरॉक्सचा कागद शाई सारखी पित नाही. पातळ, गुळगुळीत पण सुती हातकागद चांगला. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन बोटांनी चाचपून घेता येतो. हाताने छापताना खरखरीत, जाड कागद टाळा. चमच्याचा दाब त्याच्या खळग्यांत पोहोचत नाही.

काचेवर शाईची छोटी रेघ काढा आणि रोलर फिरवा. सुरुवातीला चिकट, चपचप आवाज येतो, शाई जाड असल्याची खूण. फिरवत राहिलात की तो बारीक, एकसारखा 'सर्र' होतो. तेव्हाच ब्लॉकवर जा. एकदम जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर द्या, वेगवेगळ्या दिशांनी. पाण्यात विरघळणारी शाई एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात काचेवरच सुकते, तेव्हा पंखा बंद ठेवा आणि भराभर काम करा. तेलाची शाई निवांत वेळ देते, पण छाप वाळायला काही दिवस लागतात, पावसाळ्यात आणखी.

पुठ्ठ्याचा काटकोन टेबलाला चिकटवून ठेवा. ब्लॉक त्यात टेकवायचा आणि कागद ठरलेल्या खुणेवर सोडायचा. चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे, लहान गोल फिरवत दाबा. एक तळवा कागदावर घट्ट. मग एक कोपरा उचलून पाहा. फिकट वाटलं तर कोपरा परत टेकवून तिथेच पुन्हा घासा. या डोकावण्यातच छाप सुधारता येते, म्हणून कागद एकदम ओढून काढू नका.

पहिली छाप वाचायला शिका. काळ्यात मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर शाई किंवा दाब कमी. बारीक रेघा बुजल्या तर शाई जास्त. एका बाजूला फिकट असेल तर ब्लॉक नाही, तुमचा हात चुकतोय. पहिल्या दोन-तीन छापा अशाच जातात, ब्लॉक शाई धरायला लागतो. मग पाच किंवा दहा सारख्या छापा काढा आणि खाली पेन्सिलने लिहा: डावीकडे क्रमांक, जसं ३/१०, मधे शीर्षक, उजवीकडे सही. तो अपूर्णांक म्हणजे दहापैकी तिसरी छाप. दहा लिहिलं की अकरावी काढायची नाही.

दुसऱ्या रंगासाठी एकाच ब्लॉकवर काम करता येतं. आधी फिकट रंग सगळ्या कागदांवर छापा. मग जिथे तो रंग राहू द्यायचाय तेवढा भाग कोरून काढा आणि गडद रंग वरून छापा. ब्लॉक पुढे पुढे संपत जातो, मागे फिरता येत नाही. हव्या असलेल्या छापांच्या दीडपट कागदांवर पहिला रंग छापून ठेवा, कारण दुसऱ्या रंगाला काही कागद हलणारच.

ब्लॉक मातीवर

वर्गातला हा माझा सर्वांत आवडता दिवस. कोरलेला लिनो धुऊन, पूर्ण कोरडा करा. लाटलेल्या पोळ्यावर कॉर्नफ्लोअर हलकंसं भुरभुरवा म्हणजे चिकटणार नाही. ब्लॉक पालथा ठेवून वरून लाटणं एकदाच, सलग फिरवा. दोनदा फिरवलं तर दुहेरी ठसा उमटतो. उचलल्यावर कोरलेला भाग मातीत वर आलेला दिसतो आणि ठेवलेला भाग खोल. कागदावर काळी असलेली सायकल इथे खड्ड्यात जाते. याच पोळ्याचा कप वळवा किंवा सपाट टाइल करा. टाइल वाकू नये म्हणून दोन प्लायच्या मधे वर्तमानपत्र घालून, वजन ठेवून सावकाश वाळवा, कागद रोज बदला. पुढे यावर पारदर्शक ग्लेझ दिलं की ते खळग्यांत जाड साचतं, वर पातळ राहतं, आणि चित्र त्या फरकानेच दिसू लागतं.

भाजणी आणि ग्लेझ

भट्टी शिक्षक लावतील, पण आत काय चाललंय ते माहीत असू द्या. पहिली भाजणी ९५० ते १००० अंशांपर्यंत. सुरुवातीला कित्येक तास तापमान १०० अंशांच्या थोडं खालीच रेंगाळत ठेवतात, उरलेलं पाणी जाण्यासाठी. पुढे ४५० ते ६०० अंशांत मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी जातं, आणि इथून पुढे ती परत भिजवून चिखल करता येत नाही. ५७३ अंशांना क्वार्ट्झची रचना बदलते, तो किंचित फुगतो, थंड होताना आकसतो. म्हणून चढतानाही आणि उतरतानाही इथे घाई नको. भट्टी १०० अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडायचा हट्ट धरू नका.

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळून बसणारी काच. भाजलेलं भांडं ओल्या स्पंजने पुसा, धूळ राहिली तर ग्लेझ सोलून येतं. बुडाला मेण लावा किंवा तळापासून ३ मिलिमीटरपर्यंत ग्लेझ पुसून काढा, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटेल. बादलीत दोन-तीन सेकंद बुडवून बाहेर काढा. थर पोस्टकार्डाच्या जाडीचा हवा. बादलीतला रंग पाहून निवड करू नका, गुलाबी दिसणारं द्रावण काळं निघू शकतं. भिंतीवर टांगलेले नमुन्याचे तुकडे पाहा. खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून शिसं नसलेलं, खाद्यवापरासाठी असलेलंच ग्लेझ घ्यायचं आणि ते ठरलेल्या तापमानालाच भाजायचं.

स्वच्छता

मातीची सुकी धूळ फुप्फुसांना घातक असते, तिच्यातल्या सिलिकामुळे. म्हणून सिरॅमिक्सच्या खोलीत केरसुणी वापरत नाहीत, ओल्या फडक्याने पुसतात. सुकलेलं भांडं कोरडं घासू नका, ओल्या स्पंजने सारखं करा. ग्लेझची पूड मिसळताना एन-९५ मास्क लावा. हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. बादलीत धुवायचे, माती तळाशी बसू द्यायची, वरचं पाणी टाकायचं आणि माती परत वापरात घ्यायची. प्लास्टर ऑफ पॅरिसचा कण मातीत जाऊ देऊ नका. भाजल्यावर तो ओलावा शोषून फुगतो आणि कित्येक दिवसांनी भांड्याचा टवका उडवतो. छापकामाचं टेबल वेगळं ठेवा.

तेलाची शाई आधी वर्तमानपत्राने पुसा, मग थोडं खाद्यतेल, मग भांडी घासायचा साबण. रॉकेल, टर्पेंटाइनची गरज पडत नाही. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या सुकताना आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात टाका.

कप हातात आल्यावर बुडाची खरखर ओल्या पॉलिश पेपरने काढा. मग काठोकाठ पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल आणि आतलं ग्लेझ कुठे तडकलेलं नसेल तर त्यातून चहा प्या. कागद ओला झाला असेल तर मातीत पाणी झिरपतंय. तो कप चहासाठी नको, त्यात लिनोची हत्यारं ठेवा, टोकं वरच्या बाजूला आणि प्रत्येकाला बूच लावून.